हिरवं बटण आणि बाबांचा अंगठा

विश्रांतवाडीत आमची पिठाची गिरणी होती. बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, पण उजव्या हातातली ताकद गेली. तरी घरात बसवेना, म्हणून पुन्हा गिरणीत जाऊ लागले. मी तेव्हा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. शनिवारी सुट्टी असते याचंच घरी अप्रूप.

अशाच एका शनिवारी डबा घेऊन गेले, तर बाबा मोटरच्या स्टार्टरवरचं हिरवं बटण अंगठ्याने दाबून धरून उभे. एरवी ते एकदा दाबलं की पुरे. आता सोडलं की मोटर बंद पडत होती. बाबांचा शर्ट घामाने भिजला होता. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन खोळंबलेल्या.

"कधीपासून होतंय हे?"

"आजारातून उठल्यापासून. अंगठ्यात जोर नाही राहिला."

"मी बघू?"

"तू तुझा कॉम्प्युटर बघ."

मी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि बटण जोर लावून दाबलं. मोटर फिरली. बोट काढलं, थांबली.

बाबा बघत राहिले. "परत दाब," म्हणाले. परत तेच झालं.

मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून खात्री केली आणि स्टार्टर उघडला. आत पिठाचा थर. बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा एक छोटा पॉइंट असतो. तो जळून काळा पडला होता. घासून उपयोग नव्हता. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नवा आणून बसवला.

"आता तुम्ही दाबा."

त्यांनी उजवाच अंगठा टेकवला. दाबला. सोडला. पट्टा फिरतच राहिला.

"म्हणजे इतके दिवस मी उगाच या हाताला शिव्या घातल्या," ते म्हणाले आणि तोंड फिरवून गिरणीत गहू ओतू लागले.

हात बरा झाला नव्हताच. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईला म्हणाले, "त्या व्यायामवाल्या बाईंना बोलाव." आधी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. पुढे काही महिन्यांनी बाबा पिठाच्या पिशवीला स्वतः गाठ मारू लागले. गाठ सैल असायची. बायका कोपऱ्यापर्यंत जाऊन ती पुन्हा आवळायच्या, पण त्यांच्यासमोर कधीच नाही.