कुरणापर्यंतचा दोर

धाकटीचं अर्धं आयुष्य अंधाऱ्या उभ्या विहिरीत गेलंय, असं तिची थोरली बहीण म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शाळा सुटली की धाकटी त्यांच्या मागे मागे जायची, पाना दे, बॅटरी धर असं करता करता हात बसला, आणि पुढे तीही तेच काम करू लागली. लिफ्टच्या टपावर मांडी घालून बसायचं, कमरेला पट्टा, वर काळोख, खाली काळोख, मधे तेलकट तारा. बाकी कुणाचा जीव घाबरा झाला असता. धाकटीला तिथे गाणं सुचायचं. रविवारी चर्चच्या उपासनेत गायकवृंदात तिला मागच्या रांगेत उभं करत, कारण आवाज बेताचा. पण त्या उभ्या बोळात तोच आवाज घुमून घुमून असा वर चढायचा, की वरच्या मजल्यावरच्या बायका जाळीच्या दाराला कान लावून म्हणायच्या, "लिफ्ट सावकाश दुरुस्त कर गं, घाई नाही."

अशा या मुलीच्या डोक्यात डोंगर शिरला तो एका रविवारी, पडद्यावरून.

चर्चच्या मंडळीतले एक भूगोलाचे मास्तर दर उन्हाळ्यात तरुण संघातली मुलंमुली घेऊन परदेशातल्या डोंगरांत जात. शिखर चढायचं, आणि वाटेतल्या वस्त्यांवर जे पडेल ते काम करायचं: छपरं शाकारायची, जखमा बांधायच्या, मुलांना गाणी शिकवायची, ऐकणारा असेल त्याला येशूची गोष्ट सांगायची. त्या दिवशी उपासनेनंतर मास्तरांनी पडदा लावून फोटो दाखवले. एका फोटोत ढगांच्या वर हिरव्या गवताचा एक तुकडा होता, जणू कुणीतरी आकाशात चादर वाळत घातलीय. पुढे किती फोटो आले धाकटीला ठाऊक नाही. "कोण येणार?" असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तिचा हात तिच्या आधी वर गेला होता.

घरी जेवण झाल्यावर वडील बोटांवरचं ग्रीस चिंधीने पुसत म्हणाले, "एक विचारू? तू देवासाठी चाललीस, की डोंगरासाठी?"

"मला वेगळं करता येत नाही, बाबा."

"मास्तर विचारतील तेव्हा असं सांगू नकोस. देवासाठी म्हण."

"खोटं बोलू?"

"अर्धं बोल," वडील म्हणाले, आणि दोघंही हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा चामडी पट्टा तेल लावून मऊ केला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

तिथे पोचल्यावर धाकटीला स्वतःबद्दल एक नवी गोष्ट कळली. तिला उंचीची भीती नव्हती. भिंती नसलेल्या उंचीची होती. खिंडीच्या वाटेवर एका बाजूला दरी उघडी पडली, तळाशी धुकं दुधासारखं साचलेलं, आणि तिचे पाय जागच्या जागी खिळले. मागून येणारी परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत, जवळ आली.

"काय झालं गं?"

"खूप आहे," धाकटी म्हणाली.

"काय खूप आहे?"

"सगळंच. कडाच नाहीत कशाला."

सिस्टरने तिचा हात धरला आणि शहाण्यासारखं काही न सांगता नुसती शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "तू त्या लिफ्टच्या खड्ड्यात गातेस ना? इथे गा की." धाकटीने गाऊन पाहिलं. आवाज निघाला आणि गेला तो गेलाच, कुठेही न आपटता. परत आला नाही. तिला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदाच खरं गायलो. पाय हळूहळू सुटले आणि ती चालू लागली.

वस्ती खिंडीपलीकडे होती. दगडी भिंती, लाकडी छपरं, सगळीकडे लोकरीचा आणि धुराचा वास. खालच्या गावच्या शाळेतला शिक्षक दुभाष्या म्हणून सोबत आला होता. दिवसभर मंडळींनी पाण्याचा नळ टाकला, सिस्टरने डोळे आणि फोड तपासले, आणि संध्याकाळी, उन्हं पिवळी होऊन भिंतींवर टेकलेली असताना, सगळे एका अंगणात बसले. मास्तरांचा नियम होता की प्रत्येकाने एकदा तरी साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्या दिवशी धाकटीची पाळी.

तिने पाठ केलेलं सगळं धुक्यासारखं उडून गेलं. तिला लिफ्टच आठवली. लहानपणी एकदा ती टपावर असताना वीज गेली होती, आणि अंधारात वरून वडिलांचा आवाज आला होता, "मी इथेच आहे, दोर माझ्या हातात आहे." तिने ते सांगितलं. देवाचं मला तसंच वाटतं, म्हणाली.

दुभाष्या अडला. त्या भाषेत लिफ्टला शब्द नव्हता. त्याने बराच वेळ हातवारे करून काहीतरी सांगितलं. मग एका बाईने घाबरत काही विचारलं.

"ती विचारतेय," दुभाष्या म्हणाला, "त्या पेटीत घालून माणसांना दोराने वर ओढतात, ती माणसं मेलेली असतात का?"

"नाही, नाही! जिवंत असतात. भाजी घेऊन घरी जात असतात."

हशा पिकला. पण भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा हसला नाही. हा वस्तीतला सगळ्यात जुना मेंढपाळ. गुडघे कधीच गेलेले, काठ्यांवर अंगणापुरता हिंडायचा. त्याने दुभाष्याला जवळ बोलावून काही विचारलं, बोट वर करून. वस्तीच्या डोक्यावर सरळसोट घळ होती, आणि तिच्या माथ्यावर हिरवा तुकडा. धाकटीने मान वर करून पाहिलं. फोटोतली चादर ती हीच.

"ते त्यांचं उन्हाळी कुरण," दुभाष्या म्हणाला. "पायवाट आहे, पण एका माणसापुरती, कड्याच्या अंगाने, पाठुंगळी घेऊन कुणाला नेता येत नाही. गुडघे गेल्यापासून याने ते पाहिलेलं नाही. तो विचारतोय, तुझी पेटी याला वर नेईल का?"

मास्तरांनी घसा साफ केला. दुसऱ्या दिवशी शिखर चढायचं ठरलं होतं. चांगलं हवामान त्या एका दिवसापुरतंच होतं, पुढे ढग येणार होते. वर्षभर मुलं त्याचीच स्वप्नं बघत होती. मास्तर स्वतः तर दोनदा अर्ध्यातून परतले होते. ते शिखराकडे बघत राहिले. बर्फावर शेवटचं ऊन गुलाबी झालं होतं.

"जमेल?" त्यांनी अखेर धाकटीला विचारलं.

"लिफ्टला दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं. एक खाली येतं, म्हणून दुसरं वर जातं. आपल्याकडे कप्प्या आहेत, दोर आहेत. दगड तर हवे तितके." मग ती थांबली. "पण शिखर जाईल, मास्तर."

"शिखर कुठे जातंय," मास्तर म्हणाले. "ते आहे तिथेच बसून राहतं, नाठाळ." एकदोघांचे चेहरे पडले. एक जण रुसून झोपायला गेला. पण सकाळी दोर खांद्यावर टाकून सगळ्यात पुढे तोच निघाला.

सकाळभर ते घळीच्या माथ्यावर खपले. खडकांना दोर आवळले, कप्पी टांगली, एका टोकाला जाळीत दगड भरले, म्हाताऱ्याहून किंचित हलके, म्हणजे ओढणाऱ्यांच्या हाती लगाम राहील. दुसऱ्या टोकाला लाकडी खुर्ची. शिवाय एक जादा दोर, तो मास्तरांच्या ताब्यात. धाकटीने आधी दगडांचं एक पोतं वर नेऊन आणलं, मग रुसलेल्या मित्राला. तो हात पसरून ओरडत वर गेला आणि खाली आल्यावर म्हणाला, "पुन्हा."

म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं. धाकटीने वडिलांचा चामडी पट्टा त्याच्या छातीवरून घेऊन बांधला. त्याची सून बाजूला उभी राहून एकसारखी कटकट करत होती. दुभाष्याने भाषांतर केलं नाही, गरजही नव्हती. खुर्ची भिंतीवर आपटू नये म्हणून कुणीतरी सोबत चढायला हवं होतं. धाकटीच निघाली, वेगळ्या दोराला बांधून घेऊन.

वरून हाक आली. दोर ताणला गेला, आणि म्हाताऱ्याचे पाय जमिनीवरून सुटले.

काही वेळ नुसता कप्पीचा कुरकुर आवाज. खुर्ची वर येत होती आणि दगडांची जाळी त्यांच्या बाजूने सावकाश खाली उतरत होती, एखाद्या शांत जनावरासारखी. धुकं खालून चढत आलं आणि वस्ती पुसली गेली. वर उजेड, खाली पांढरं, आणि मधे ती दोघं, एकमेकांची भाषा न कळणारी. धाकटीने आपला दोर दोन्ही हातांनी गच्च धरला. म्हाताऱ्याने तिची भीती ओळखली असावी. खुर्चीतून हात लांब करून त्याने तिच्या डोक्यावर ठेवला, कोकराच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि तोंडाने एक लांब, घोगरी लकेर काढली. कुरणातून उत्तर आलं. एक मेंढी, मग दुसरी, मग घंटांचा सगळा ओहोळ.

वर पोचल्यावर त्याला गवतावर बसवलं. तो हात गवतात खुपसून बसला, मूठभर उपटून नाकाशी नेलं. मेंढ्या येऊन त्याला हुंगू लागल्या. ज्या त्याला ओळखत असतील त्या केव्हाच मेल्या असतील, तरी आल्या. सिस्टर रडत होती आणि वारा लागतोय म्हणत होती. मास्तरांनी शुभवर्तमानाचं पुस्तक उघडलं, मग मिटलं, आणि म्हाताऱ्याच्या शेजारी पाय पसरून बसले.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने पायवाटेने वर आलेल्या दुभाष्याला म्हटलं, "ज्याच्या हातात दोर असतो असं ही मुलगी म्हणाली, त्याचं गाणं असेल ना यांच्याकडे?"

ते गायले. धाकटीला कुणी मागे उभं केलं नाही. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. गाणं संपल्यावर त्याने त्याच्या स्वतःच्या देवाचं नाव घेऊन आकाशाकडे हात जोडले, आणि मास्तरांनीही जोडले.

पंचाईत नंतर झाली. उतरायची वेळ आली आणि म्हातारा हलेना. कुरणात मेंढपाळांची झोपडी होती, नातू होता, दूध होतं. "उन्हाळा इथेच," म्हणाला. खालून सुनेचा आवाज धुक्यातून चढत होता. शेवटी धाकटीने सुनेलाच वर आणलं, खुर्चीत बसवून. बाई डोळे गच्च मिटून आली, उघडले, चारी बाजूंना पाहिलं, आणि सासऱ्याला रागावायचं विसरली.

मंडळी निघायच्या आधी धाकटीने तिला सगळं शिकवलं: दोर कुठे झिजतो, गाठ कशी तपासायची, वजन कसं भरायचं. सून पटापट शिकली. निघायच्या दिवशी पहाटे ती घळीपाशी उभी राहून सासऱ्यासाठी भाकरी वर पाठवत होती, आणि सोबत चार शब्दही.

मास्तरांनी परतल्यावर मंडळीत हकीकत सांगितली. किती जणांनी प्रभूचा स्वीकार केला असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत नाही. विचारलं नाही." काही जणांना ते आवडलं नाही. पुढच्या वर्षी मंडळीकडून पैशाचं पाठबळ जरा कमी आलं, तरी ते गेले, आणि धाकटी दोरांची प्रमुख म्हणून गेली. म्हातारा हिवाळ्यात वारला होता, खाली, आपल्या अंथरुणात. सुनेने धाकटीला कवेत घेतलं आणि घळीकडे नेलं. दोरावरून गवताचे भारे उतरत होते, एकामागून एक, आणि ओढणाऱ्या बायका गात होत्या. चाल ओळखीची होती, शब्द त्यांचे होते. धाकटीने पिशवी खाली ठेवली आणि ओढायला रांगेत उभी राहिली.