माशांचं पाणी लिंबाला

बायांनो, आज इतकी गंमत झाली की सांगितल्याबिगर चैन पडंना.

आमच्या स्वातीनं, म्हंजे नातीनं, माशांच्या काचेच्या पेटीला नळ्या बसवल्या. एक कॉक फिरवला की जुनं पाणी बाहेर, दुसरा फिरवला की नवं आत. बादल्या उचलायच्या कटकटीच मिटल्या! मी तर पोरीवानी फिरवतच बसले.

बघते तर जुनं पाणी मोरीत चाललेलं. म्हटलं, "अगं, मोरीला कशाला पाजतीस?"

"आजी, घाण पाणी आहे ते."

मग तिला बसवूनच सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडं आमची विहीर आटली, तवा मी नवी नवरी. विहिरीतले मासे पाणी निर्मळ ठेवत्यात, म्हणून आमच्यात त्यांना कुणी खात न्हाई. मी ते बैलांना पाणी पाजायच्या दगडी डोणीत आणून सोडले.

सासूबाई करवादल्या, "माणसाला पाणी न्हाई, अन् हिला मासे पोसायचेत!"

माझ्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या मी रोज डोणीत ओतायचे. डोणीतलं जुनं पाणी काढून सासूबाईंच्या वाळत चाललेल्या कागदी लिंबाला घालत राहिले. लिंबाला पालवी फुटली, तशा त्या आपल्या वाट्याचा तांब्या घेऊन आल्या अन् डोणीत ओतला. म्हणाल्या, "आधी माशाला, मग लिंबाला. एका पाण्यात दोन पोटं."

स्वाती उठली, नळी खिडकीतून अंगणात काढली. तिथं त्याच लिंबाच्या बीचं झाड हाय. आता कॉक फिरवला की लिंब पाणी पितंय, अन् मला सासूबाई आठवत्यात.

तुमच्या घरचं वापरलेलं पाणी कुणाच्या पोटात जातंय गं?