हॉस्टेलचा पत्ता

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना सगळे पासवर्डकाकू म्हणायचे. ऑनलाइन जर्नल उघडायचं तर पासवर्ड लागे, आणि तो फक्त त्यांच्याकडे. मुली रांग लावायच्या. काकू एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन, हाताचा आडोसा धरून तो टाइप करायच्या. दिवसातून साठ वेळा.

त्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी पाय मोडून हॉस्टेलवर अडकली. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, प्रकल्प सादर करायचा महिन्यावर. मैत्रिणीकरवी तिनं विचारलं, "काकू, पासवर्ड द्याल?" तो कुणाला द्यायचा नाही, असा करार होता. काकूंनी नाही म्हटलं खरं, पण दुपारी डब्यातला घास गोड लागेना.

त्यांनी जर्नलच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं : तुमचे आयपी पत्ते, म्हणजे कॉम्प्युटरचे इंटरनेटवरचे नंबर, कळवा; त्या पत्त्यांवरून येणाऱ्याला पासवर्ड विचारणार नाही. काकू हुरळल्या. ग्रंथालयातल्या बावीसही कॉम्प्युटरांचे आकडे उतरवून त्यांनी पाठवले. चौथ्या दिवशी यादी परत! हे पत्ते चालणार नाहीत.

यादी घेऊन त्या तडक कॉलेजच्या नेटवर्क इंजिनिअरकडे गेल्या. त्याला हसू आवरेना.

"काकू, हे तर आतल्या खोल्यांचे नंबर झाले. असे नंबर घरोघरी असतात. बाहेरच्यांना दिसतो तो फाटकावरचा पत्ता. तो सगळ्या इमारतीचा मिळून एकच."

"मग हसतोस काय? दे लिहून."

"तो अधूनमधून बदलतो. कायमचा हवा तर अर्ज करावा लागेल."

"अर्जाचं माझ्याकडे लागलं. आणि हॉस्टेल? तेही याच फाटकातून जातं ना?"

त्याचं हसू मावळलं. "नाही. त्यांची लाइन वेगळी. हे मला कधी कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

मग काकूंनी सगळ्यांचा पिच्छाच पुरवला. प्राचार्यांची सही, इंटरनेटवाल्यांकडे हेलपाटे, हॉस्टेल कॉलेजचंच आहे असं कंपनीला पटवणारं पत्र. दोन आठवड्यांनी दोन्ही इमारतींचे कायमचे पत्ते कंपनीत नोंदले गेले.

त्या संध्याकाळी काकू स्वतः हॉस्टेलवर गेल्या. प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. पहिला लेख कॉलेजच्या वर्गणीतच नव्हता. दोघींची तोंडं पडली. दुसऱ्यावर क्लिक केलं, आणि पासवर्डची चौकट न येताच पूर्ण लेख समोर उघडला.

"काकू! काही विचारलंच नाही!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. "आता वाच. नऊ दिवस आहेत."

"घरून चालेल का हो हे?"

"नाही गं. त्याचंही बघते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात रांग नव्हती. काकूंना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग पहिल्या वर्षाची एक मुलगी हवा तो लेख सापडेना म्हणून वैतागलेली दिसली. काकूंनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसल्या.

"काय शोधतेयस? सांग बघू नीट."