टगबोटीवरचा माळी
कुंडीतल्या ओल्या मातीचा वास आला की मला सौदीतल्या दम्माम बंदरातलं आमचं ऑफिस आठवतं, जिथे एरवी डिझेलशिवाय कशाचाच वास येत नसे. बंदरावरची कामं स्थानिकांना द्यायची सक्ती आली, तेव्हा कंपनीने टगबोटीवरच्या आमच्या कोकणी खलाशांना इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, चक्क माळी दाखवलं. त्यातल्याच एका चाचांची बोटं दोरखंडात चिरडली. विमा होता, पण तो माळ्याचा. मॅनेजर आपलाच मराठी माणूस, टाय लावणारा, त्याने लगोलग दारात चार कुंड्या मांडल्या आणि चाचांना पढवलं, "गवत कापताना लागलं म्हणायचं. माळी आहेस ना? मग माळ्यासारखा जखमी हो!" वर स्वतःच हसला. विम्याचा तपासनीस आला. दुभाषा मी, अरबी घेऊन बी.ए. झालेला, घराण्यातला पहिला पदवीधर. चाचा बँडेजचा हात मांडीवर ठेवून म्हणाले, "सांग त्याला, मी खलाशी हाय. झाडांना पाणी घालाया दर्या वलांडून नाय आलो." मॅनेजर टेबलाखालून माझा पाय दाबत होता. मी शब्दन्‌शब्द सांगितलं. विमा खलास! इकाम्याबाहेरचं काम केलं म्हणून चाचांना तसल्या हाताने गावी पाठवलं, आणि "आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं," म्हणून मॅनेजरने खुर्ची राखली. परवा खेडला एका लग्नात तो भेटला. "ओळखलंस का रे?" म्हणत त्याने हात पुढे केला. "चांगलं ओळखलं," म्हटलं, आणि माझा हात खिशातच ठेवला.