बोंबलांचं चित्र

नातीच्या शाळेत कोळी लोकांवर प्रोजेक्ट आहे. काल नवघरच्या आमच्या घरात ती लादीवर कागद पसरून सुकत घातलेले बोंबील रंगवत होती. मेणाच्या खडूंचा वास आला आणि मला समुद्रकाठच्या आमच्या पालीची शाळा आठवली.

मी चौथीत होते. बाईंनी 'माझं गाव' काढायला सांगितलं. सगळ्यांनी डोंगर आणि उगवता सूर्य काढला. मी आमच्या दारात दिसायचं ते काढलं. बांबूंना बांधलेल्या दोऱ्या आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या जोड्या. त्यांचे बारीक दातसुद्धा काढले. बाईंनी कागद दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला. "अगं बाई, हिच्या चित्रालापण वास येतोय!" पोरांनी नाकं दाबली. त्यांच्याही दारात बोंबीलच सुकत होते.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "उद्यापासून मी शाळेत जानार न्हाय." वाटलं होतं, ती ओरडेल, हाताला धरून शाळेत नेऊन बसवेल. ती दोरीवर बोंबील अडकवत होती. मान वर न करता म्हणाली, "बरा झाला. मना कामाला कोन न्हाय."

इतकी वर्षं मी मनात बाईंनाच बोल लावला. पण बाई नुसत्या हसल्या होत्या. माझी शाळा आईने सोडवली, आणि हे तिला तोंडावर सांगायचं धाडस ती जाईपर्यंत मला झालं नाही.