थिएटरमधला अव्वाचा आवाज

जर्मनीला निघाले त्या दुपारी अव्वा, म्हणजे माझी आई, स्टेशनवर आली नाही. थिएटरात बायकांच्या दरवाजावर तिकिटं तपासायची तिची ड्यूटी होती. बाबांनी रिक्षा तिथं थांबवली, तेव्हा ती हातात बॅटरी घेऊन बाहेर आली. "पोचलीस की फोन कर. पिक्चर सुरू व्हायलाय," एवढं म्हणून आत गेली. मला रडू आलं, रागही आला.

सोलापुरात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना ते थिएटर आठवत असेल. बाल्कनीची डावी बाजू बायकांची. विणकरांच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, मंद्रूपकडून आलेल्या कानडी बायका तिथं बसायच्या. हिंदी सगळ्यांनाच कळायचं असं नाही. अव्वा अंधारात वाकून हळूच अर्थ सांगायची. ती स्वतः चौथी शिकलेली.

मी बारा वर्षांची असताना एका रविवारी, सिनेमा संपत आला असताना, आवाज गेला. पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत होती. खाली शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. मॅनेजर खेळ बंद करायला निघाले. तेवढ्यात अव्वा कठड्याशी उभी राहिली आणि मोठ्यानं सांगू लागली. आधी मराठीत, मग कानडीत, मग मोडक्यातोडक्या तेलुगूत. तुरुंगातून सुटून आलेला बाप लेकीच्या दारात उभा होता. खालचे पुरुषसुद्धा गप्प झाले. लेकीनं दार उघडलं.

"ती म्हणते," अव्वा म्हणाली, "तुमी कुटं हुता ते मी इचारत न्हाय. जेवलात का, तेवडं सांगा."

अख्खं थिएटर रडत होतं. बाहेर पडताना एका म्हातारीनं अव्वाचा हात घेऊन आपल्या डोळ्यांना लावला. अव्वा घरी आली आणि भाकरी थापायला बसली.

श्टुटगार्टमध्ये बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा मोबाइलवर सापडला. शेवटी लेक फक्त 'बाबूजी' म्हणते. पुढं काही नाही. ते वाक्य अव्वाचं होतं! फोन करून विचारलं, तर म्हणाली, "एवड्या वर्सानं बाप आल्यावर पोरगी दुसरं काय म्हणंल?"

गेल्या दिवाळीत गेले, तर थिएटर पाडून झालं होतं. सपाट जागेवर गाड्या लावलेल्या. अव्वा मला घेऊन त्या गाड्यांमधून चालत होती. इथं तिकिटाची खिडकी, इथं पाण्याचा नळ, असं दाखवत होती. कुठंही अडखळली नाही. मला धूळ दिसत होती, तिला सगळं थिएटर दिसत होतं. श्टुटगार्टला माझ्या नावाची पाटी असलेलं दार आहे, त्याला मी घर म्हणते, ते खोटं नाही. पण तिच्या मागून चालताना मला इथून कधी गेलेच नव्हते असं वाटलं.

एका ठिकाणी तिनं माझा दंड धरला.

"हितं पायरी हाय. सावकाश."

जमीन सपाट होती. मी पाय उचलून वर ठेवला.