कानातला बोळा

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. विदर्भ सीपी-बेरार प्रांतात होता, त्या इंग्रजी काळात मी अकोल्याला, जठारपेठेतल्या कानयंत्राच्या दुकानात कामाला होतो. बार्शीटाकळीची एक भाजीवाली आली, तर मालकानं कानात न डोकावताच तिच्या गळ्यात यंत्र अडकवलं. मी दिवा धरून पाहिलं. दोन्ही कानांत तेलात भिजवलेले कापसाचे बोळे, थंडीत घातलेले आणि तसेच विसरलेले! चिमट्यानं काढून मी ते मालकापुढे आपटले. "शेठ, बोळा बसलेल्या कानाले यंत्र विकून राहिले तुमी?" बाई दचकली. "काहून ओरडून राहिला बाप्पा? आयकू येते ना मले!" तिला आलं, मालकाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दिवाच कुलपात घातला. आज माझ्या दुकानात कुलूप यंत्रांना असतं, दिव्याला नाही.